नातीच्या डबीतली टकटक

चौथीनंतर शाळेत गेलो नाही, पण बोटीच्या इंजिनाजवळ चाळीस वर्षं बसलो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं, हे माझं काम. पुतण्या आजही माझ्या शब्दाशिवाय जेटीवरून बोट सोडत नाही.

यंदा पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायच्या आदल्या दिवशी सकाळी त्याने इंजिन चालू केलं. मी स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकलं आणि म्हटलं, "जा खुशाल." त्याने चालू इंजिनाचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला.

दुपारी नात तोच ऐकत बसलेली. ती घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. तिच्याकडे काडेपेटीएवढी एक डबी आहे. एका बाजूने फोनची वायर, दुसऱ्या बाजूने हेडफोन, वर आवाजाचं चाक.

"आबा, ऐका तुमचं इंजिन. डबीतनं काय झकास येतं!"

"बहिऱ्यांचं मशीन मला कशाला गो?"

"गाण्यांसाठी आहे हो. नुसत्या फोनवर या हेडफोनला आवाज पुरत नाही."

"आणि आजच बरी माझी आठवण झाली?"

दिवाळीपासून घरातले सगळे माझ्याशी जरा मोठ्याने बोलतात. मला कळत नाही असं त्यांना वाटतं. हाही त्यातलाच डाव, हे मी ओळखलं. पण नको म्हटलं तर म्हातारा घाबरला म्हणतील, म्हणून कानाला लावलं.

इंजिनाची धडधड आली. आणि तिच्या पाठीमागून, बारीक, लोखंडी: टकटक, टकटक.

"ही तुझ्या डबीची करणी," मी म्हटलं.

"डबी कशाला टकटक करेल?"

"जो आवाज वाढवून सांगतो, तो पदरचं थोडं घालतोच. माणसं घालत नाहीत?"

तिने व्हिडिओ थांबवला. चाक शेवटपर्यंत फिरवून नुसती डबी ऐकली. वाऱ्यासारखं सूं येत होतं, टकटक नाही. मग फोनच लबाड असेल म्हटलं. तिने डबी टॅबला लावली. टकटक. कॉम्प्युटरला लावली तर भुणभुण सुरू.

"बघ, आली ना लबाडी बाहेर!"

तिने कॉम्प्युटरचा चार्जर काढला. भुणभुण गेली, टकटक राहिली. तिन्ही यंत्रांत तीच. व्हिडिओत पुतण्याने रेस वाढवली की तीही पळत होती. म्हणजे ती इंजिनाचीच.

शेवटचं म्हणून डबी मध्ये नको म्हटलं. हेडफोन सरळ फोनला लावला. मला नुसती धडधड.

"दे, मी बघते," म्हणून तिने तो स्वतःच्या कानाला लावला. व्हिडिओ परत पहिल्यापासून लावला. मग म्हणाली, "आबा, बारीक आहे, पण आहे."

मी पुतण्याला फोन लावला. "इंजिन उघड. पिस्टनची पिन वाजतेय."

"काका, बर्फ भरलाय, खलाशी आलेत. सकाळी तर जा खुशाल म्हणालात. जेवून झोपलात आणि स्वप्न पडलं की काय?"

फोन आपटणारच होतो. पण ती पिन तुटली तर भर समुद्रात इंजिन फुटणार, आणि बोटीवर सात माणसं.

"मेल्या, सकाळी मला ऐकूच आली नाही."

चाळीस वर्षांत असं वाक्य माझ्या तोंडून गेलं नव्हतं. मग तो हळूच म्हणाला, "उघडतो."

दिवेलागणीला तो चिंधीत गुंडाळून पिन आणि ती ज्यात बसते तो झिजलेला बुश घेऊन आला. दोन्ही माझ्या हातावर ठेवलं. मी पिन बुशात घातली आणि हलवली. सैल दातासारखी हलली. टकटक बोटांना लागत होती, कानाला नाही.

"नवीन बुश बसला की परत या ऐकायला," पुतण्या म्हणाला. सकाळच्या बोलण्याचं नावही काढलं नाही त्याने.

नात डबी घेऊन दारात उभी होती. मी हात पुढे केला.

"दे इकडे. फोनही घे. पण बोटीवरही आधी नुसती डबी ऐकणार. मग इंजिन."