फायरप्लेसचा मधला दगड

लंडनमधल्या एजवेअरच्या आमच्या घरात काही तुटलं-फुटलं की तोच एक तरुण गवंडी येतो. जन्म इथलाच, मराठी घरात ऐकून आलेली. देव असतील त्या खोलीत बूट घालायचे नाहीत हे त्याच्या आईनं शिकवलेलं, म्हणून दगडाचं कामसुद्धा नुसत्या मोज्यांवर. बघणाराच आपले पाय मागे घेतो.

आमचे देव बंद पडलेल्या फायरप्लेसमध्ये बसतात. तिच्या काळवंडलेल्या विटांवर खरा, राखाडी दगड बसवायला त्याला बोलावलं होतं. आदल्या दिवशी बसवलेल्या प्रत्येक दगडावर तो सकाळी बोटाच्या पेरानं टकटक करायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि "ऑलराइट" म्हणून पुढे सरकायचा.

काम संपलं. दुसऱ्या दिवशी गणपती यायचे होते. मी खुशीत चहा घेऊन आलो, तर त्यानं मधल्या दगडावर पुन्हा टकटक केलं, हातोडी उचलली आणि दणकन घातली. मी कप तिथंच फरशीवर ठेवला.

"अरे, वेडबिड लागलंय का तुला?"

"काका, मागे सिमेंट नीट बसली नाही. पोकळ आहे."

"कोणाला दिसणार होतं ते?"

"दिसत नाही. पण ऐकू येते."

नवा दगड बसवून, "सकाळी ऐकायला येतो," म्हणत तो निघाला. जाता जाता किचनच्या भिंतीवर त्यानं सहज टकटक केलं. तिथल्या टाइल्स हौसेनं मीच लावल्या आहेत. त्यानं माझ्याकडे पाहिलं, "ऑलराइट" न म्हणताच बूट घातले आणि गेला.

त्या भिंतीला मी अजून टेकलेलो नाही.