दांड्याची चकली

माझ्या बायकोच्या मावसभावाइतका निरुपयोगी विद्वान अख्ख्या मिशिगनमध्ये सापडणार नाही, आणि आयुष्यात मी दुसऱ्या कुणावर इतका जळलेलोही नाही. ॲन आर्बरला तो दीर्घिकांच्या, म्हणजे गॅलॅक्सींच्या, आकारांवर संशोधन करायचा आणि दर शनिवारी कुणाच्या तरी गाडीतून नोव्हायला आमच्याकडे जेवायला यायचा. ताटात पडेल ते आधी आकाशात नेऊन बसवायचं, मग खायचं, अशी त्याची रीत. पोळी जरा लांबट झाली की, "ही लंबवर्तुळाकार. म्हातारी झाली, हिच्यात आता नवे तारे होत नाहीत." पोळ्या मी लाटलेल्या असायच्या. एकदा पापड आडवा धरून, "कडेनं बघितली तर गॅलॅक्सी अशी चपटी दिसते," हे सांगता सांगता पापडच कोशिंबिरीत मोडून पडला, तरी गडी बोलायचा थांबला नाही. माझी नऊ वर्षांची लेक घास हातात धरून ऐकत राहायची. मी दिवसभर गाड्यांच्या ब्रेकशी डोकं फोडतो. तिनं कधी ब्रेकबद्दल एक प्रश्न विचारला असेल तर शपथ.

दिवाळीच्या चकल्या मात्र माझ्या. सोऱ्यावर माझा हात बसलेला आहे आणि त्याचं कौतुक लेकीनं करावं अशी माझी माफक अपेक्षा होती. एका वर्षी हा ओट्याशी आला, माझ्या चकलीच्या मधोमध पिठाची एक कांडी चिकटवली आणि म्हणाला, "आपली आकाशगंगा अशी आहे. मधे दांडा, मग वेढे."

"मामा, मेक वन मोअर," लेक म्हणाली.

मी सोऱ्या इतका दाबला की पिठाचा वेडावाकडा गोळाच तेलात पडला. लेक खिदळली, "बाबाज् इज इरेग्युलर."

तो हसला नाही. झाऱ्यानं गोळा काढत म्हणाला, "अगं, शेजारून दुसरी गॅलॅक्सी गेली की तिच्या ओढीनं कधी कधी आकार बिघडतो. बिचारीचा फॉल्ट नसतो." त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याला सगळं कळत होतं, आणि माझे कान तापले.

गेल्या वर्षी तो नोकरीसाठी दूर शुगर लँडला गेला. यंदा माझ्या चकल्या एकीसारखी एक उतरल्या. लेक त्या डब्यात रचत होती. का कोण जाणे, शेवटच्या चकलीत मी एक कांडी चिकटवली.

"बाबा, बट मधे दांडा का असतो?"

लेकीनं मला काही विचारावं म्हणून इतकी वर्षं वाट पाहिली, आणि प्रश्न आला तो ब्रेकचा नाही, दांड्याचा.

"मामाला फोन लाव," मी म्हणालो. "आणि स्पीकरवर ठेव."