न मोजलेला पूल

त्याला सगळे ‘मीटर’ म्हणत. पुलाखाली उभा राहून नुसतं वर बघायचा आणि उंची सांगायचा. फरक निघालाच तर दोन बोटांचा. बायको मात्र म्हणायची, “आमचे हे पडदेसुद्धा नजरेनंच कापून आणतात. म्हणून घरात एकही खिडकी पूर्ण झाकलेली नाही.”

काम पायलट गाडीचं. बॉयलर, ट्रान्सफॉर्मर, पुलाचे गर्डर असला अवजड माल ट्रेलरवरून निघाला की पुढे एक गाडी आणि मागे एक गाडी लागते, तसा नियमच आहे. पुढच्या गाडीच्या टपावर उभी काठी असते. ती मालापेक्षा दहा सेंटिमीटर उंच ठेवायची. काठी कुठे टेकली, की वॉकीटॉकीवर लगेच ‘थांबा’ म्हणायचं. शिवाय आदल्या दिवशी सगळा रस्ता फिरून प्रत्येक तार, प्रत्येक पूल मोजायचा आणि कागदावर लिहून सही करायची. बावीस वर्षं तो पुढची गाडी चालवत होता. मागची गाडी त्याच्या बहिणीची मुलगी चालवायची. तिला हे काम त्यानंच शिकवलं होतं.

त्या खेपेला माल होता बॉयलरचा, ट्रेलरवर चढवल्यावर चार मीटर नव्वद. रस्ता ओळखीचा, चाळीस वेळा तरी गेलेला. आदल्या दुपारी तो कॅन्टीनमध्ये चहा पीत बसला आणि मोजणीचा कागद तिथेच भरून टाकला. रेल्वेचा पूल, पाच मीटर दहा. सही.

भाची समोरच बसली होती. “मामा, जाऊन यायचं नाही?”

“पूल काय रातोरात खाली बसतो का गं?”

ती हसली. तोही हसला.

पूल खाली बसला नव्हता, रस्ता वर आला होता. महिन्याभरापूर्वी पुलाखाली डांबराचे दोन जाड थर पडले होते.

सकाळी दहाच्या सुमाराला तो पुलाखालून गेला आणि टपावर टक् झालं. ट्रेलर दोनशे मीटर मागे होता, सावकाश येत होता. अर्धं मिनिट तरी हातात होतं. त्यानं वॉकीटॉकी उचलला, तोंडाजवळ नेला. आणि कागदावरची सही डोळ्यासमोर आली. थांबा म्हटलं, तर ट्रेलरचालक विचारणार, ‘अरे, काल मोजलंस ना?’ मग मनातच त्यानं हिशेब मांडला. काठी मुद्दाम उंच ठेवलेली असते, टेकली म्हणजे माल अडेलच असं नाही. निघेल.

“पुढे मोकळं आहे,” तो म्हणाला.

अवघे दोन सेंटिमीटर कमी पडले. बॉयलर तुळईला धडकला, मोठा आवाज झाला आणि ट्रेलर जागच्या जागी थबकला. चालक स्टिअरिंगवर आदळला. त्याचं डावं मनगट मोडलं. तो आणि मीटर पंधरा वर्षं एकत्र काम करत होते.

चौकशी सुरू झाली. कागदावर पाच मीटर दहा लिहिलेलं, सही ठळक; पूल पुन्हा मोजायचं कुणाला सुचलं नाही. मग दोष कुणाचा? दवाखान्यात पडल्या पडल्या चालकच म्हणाला, “मागच्या गतिरोधकावर मी बटण दाबून ट्रेलर वर उचलला होता. परत खाली घ्यायचा राहिला असणार. माझंच चुकलं.” ऑफिसात सगळ्यांना ते पटलं.

मीटरनं ते ऐकलं. घरी गेला. बायकोनं विचारलं, “त्यांना भेटून आलात का?” तो म्हणाला, “गर्दी होती.” असे चार दिवस गेले. रोज दवाखान्याच्या फाटकापर्यंत जायचा, स्कूटर वळवायचा आणि परत यायचा.

पाचव्या दिवशी, मामी बाजारात गेली असताना, भाची घरी आली. पाणीसुद्धा घेतलं नाही. दारातच उभी राहून म्हणाली, “मामा, तुम्ही सांगता की मी सांगू?”

त्याला वाटलं, जमीन दुभंगावी. तिला कागदाचं माहीत होतं, काठीचं नव्हतं. “काठी टेकली होती,” तो म्हणाला. “मला कळलं होतं.”

तिनं खुंटीवरची किल्ली काढून घेतली. मग एवढंच बोलली, “चला. गाडी मी चालवते.”

ऑफिसात त्यानं साहेबांपुढे सगळं सांगितलं, कागदाचं आणि त्या अर्ध्या मिनिटाचंही. साहेबांनी लिहून घेतलं. तिथे फार जड गेलं नाही. जड गेलं ते दवाखान्यात.

चालक खाटेवर बसून एका हातानं केळं सोलायची खटपट करत होता. मीटरनं पुढे होऊन घेऊ पाहिलं, तर त्यानं केळं मागे ओढलं. ऑफिसातून फोन आला होता, त्याला कळलं होतं.

“हाड मोडलं त्याचं काही नाही रे,” चालक म्हणाला. “चार दिवस मी डोळे मिटले की तो गतिरोधक दिसायचा. बटण दाबलं की नाही, दाबलं की नाही. बायकोला म्हटलं, आता गाडी चालवायची लायकी राहिली नाही माझी. आणि तू घरी बसून होतास.”

“चुकलो मी.”

“जा तू आता.”

तो गेला.

वर्षभर त्याला पायलट गाडीला हात लावायला बंदी झाली. त्या काळात तो यार्डात साखळ्या मोजायचा, त्यांना ग्रीस लावायचा. वर्षानं परत घेतलं ते मागच्या गाडीवर. पुढच्या गाडीवर आता भाची असते. प्रत्येक पुलाखाली उतरून ती पट्टी लावते. तेव्हा तो दुसरीकडे बघतो. चालकाचं मनगट जुळलं, तो कामावरही आला. वॉकीटॉकीवर कामापुरतं बोलतो, चहाला मात्र वेगळ्या टेबलावर बसतो.

मध्यंतरी घरी पाहुणे आले होते. बायको सांगत होती, “साहेब बदलले ना, तेव्हापासून यांना मागे टाकलंय.” त्यानंच सांगितलेलं खरं मानून, नवऱ्याची बाजू सावरायची म्हणून बिचारी बोलली.

तो आतून ऐकत होता. बाहेर आला, दाराची चौकट धरून उभा राहिला. “साहेब तेच आहेत,” तो म्हणाला. “मी न मोजता सही केली होती. एका माणसाचा हात मोडला.”

पाहुण्यांनी कप खाली ठेवले. बायको त्याच्याकडे बघतच राहिली. तिलाही त्यानं आजवर हे सांगितलं नव्हतं.