निम्म्यावर बेतलेला चेहरा

बागेच्या फाटकासमोर शिवणकामाचं एक दुकान आहे. तिथल्या बाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणतात. शाळेशी त्यांचा संबंध गणवेश शिवण्यापुरताच. वडील शिंपी होते, लोक त्यांना मास्तर म्हणायचे; ते गेले तेव्हा कात्री, इस्त्री आणि हे नाव मुलीकडे आलं. धाकटा भाऊ गल्ल्यावर बसतो, गिऱ्हाइकांशी बोलतो आणि बहिणीला माई म्हणतो. तो बोलतो म्हणून माईंना फारसं बोलावं लागत नाही. त्यांच्या तोंडात बहुधा टाचण्याच असतात.

एके दिवशी एक उंच माणूस हातात कागद घेऊन आला आणि काचेवर लावू का म्हणून विचारू लागला. नाटकांचे पडदे रंगवणं हा त्याचा धंदा. दर रविवारी सकाळी बागेत तो चित्रकला शिकवणार होता. मोफत. कागद, कोळसा सगळं त्याचंच.

"लावा की," भाऊ म्हणाला. "पण फुकट शिकवून तुम्हाला काय मिळणार?"

"रविवारी घराबाहेर पडायला कारण."

माईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "माणसाचा चेहरा शिकवता?"

"शिकवतो ना. समोर बसवायचा आणि काढायचा."

"समोर नसेल तर?"

"मग फोटो बघून."

"फोटोही नसेल तर?"

"तर आधी किटली काढायला शिकू," तो म्हणाला. "पुढचं पुढे."

भावाने मान वर करून बहिणीकडे पाहिलं आणि पुन्हा कपड्यांना चिठ्ठ्या लावायला घेतल्या. कोणाचा चेहरा, हे त्याने विचारलं नाही. त्या घरात ते कोणी विचारत नसे.

चेहरा ताईचा होता. माईंची थोरली बहीण. माईंना मशीनवर पाय मारायला तिनेच शिकवलं, सुईत दोरा ओवायलाही. मग एका सकाळी ती स्वतः शिवलेला निळा झगा घालून घराबाहेर पडली आणि तिच्या पसंतीच्या माणसाशी तिने लग्न केलं. वडील ओरडले नाहीत. त्यांनी दुकानातली कात्री घेतली, भिंतीवरचा घरातल्या सगळ्यांचा फोटो उतरवला आणि त्यातून ताईला कापून काढलं. कापणं त्यांच्या हाताला इतकं सवयीचं होतं की कड कुठेही वाकडी गेली नाही. फक्त माईंच्या डाव्या खांद्यावर चार बोटं राहिली. तेवढी कापायची तर माईंचा खांदाही गेला असता. ताईचं नाव त्या दिवसापासून घरात बंद झालं. वडील जाऊनही कैक वर्षं झाली, पण बंद झालेलं नाव उघडायचं कोणी, हे भावंडांत कधी ठरलं नाही.

चेहरा मात्र माईंपाशी होता. काजं करताना, उसवताना तो आपोआप समोर यायचा. अलीकडे त्याला बोलवावं लागायचं. आणि मध्यंतरी एकदा बोलावूनही तो आला नाही. नुसती वेणी आली, पाठीवर हलणारी. माई त्या दिवशी एक बाही उलटी जोडून बसल्या.

रविवारी त्या बागेत गेल्या. दहा-बारा माणसं गवतावर बसली होती. माईंच्या शेजारी एक निवृत्त कंडक्टर. ते झाडांशिवाय काहीही काढायला तयार नव्हते.

"झाडाचं बरं असतं," त्यांनी माईंना समजावलं. "फांदी इकडची तिकडे झाली तरी तक्रार करत नाही. नोकरीभर तक्रारीच ऐकल्यात."

पेंटरची एक पद्धत होती. चित्र झालं की ते झाडाला टेकवून उभं करायचं आणि पार बागेतल्या नळापर्यंत चालत जाऊन तिथून बघायचं. "जवळून आपण आपली मेहनत बघतो," तो म्हणायचा, "चित्र लांबून दिसतं." त्याचे पडदे लोक शेवटच्या रांगेतून बघत, त्यामुळे त्याला याची खात्री होती.

माईंची पद्धत वेगळी होती. त्यांनी कागद मधोमध दुमडला, घडीच्या एका बाजूला अर्धी किटली काढली, कागद मिटून वरून नखाने दाबून घासलं आणि उघडला. कोळसा पलीकडे उमटला होता. किटली पुरी. तोटी तेवढी दोन्हीकडे आली होती.

"चहा दोघांना एकदम मिळेल," कंडक्टर म्हणाले.

"सदरा असाच बेततात," माई म्हणाल्या. "कापडाची घडी घालायची. निम्मं नीट आलं की झालं."

पेंटर हसला, पण त्याने अडवलं नाही. त्यांची रेघ न थरथरता जायची, आयुष्यभर खडूने कापडावर ओढलेली रेघ होती ती. पान, फुलदाणी, बागेचं फाटक, सगळं घडीवर छान उतरत गेलं. ऊन कोवळ्याचं कडक होऊ लागलं, माणसं काही गळली, काही नवी आली. आणि एका रविवारी माईंनी कोणाला न सांगता नव्या कागदाला घडी घातली.

आधी कपाळ आलं. मग भुवई, कामात असताना किंचित उचललेली. गालाचं हाड. केस मागे खोचलेला कान. ओठाचा कोपरा, दोरा दातांनी तोडताना आत वळायचा तसा. इतकं सगळं आपल्याला येतंय याचं त्यांनाच नवल वाटलं. हात थांबेना. शेवटी त्यांनी घडी मिटली, हलक्या हाताने घासली, उघडली. चित्र झाडाला टेकवलं आणि मागे न बघता नळापर्यंत गेल्या.

वळून पाहिलं तर एक देखणी बाई त्यांच्याकडे बघत होती. माई तिला ओळखत नव्हत्या.

"कोण आहे?" पेंटरने विचारलं.

"तेच मी बघतेय," माई म्हणाल्या.

पेंटरने जाऊन त्या चेहऱ्याचा अर्धा भाग तळहाताने झाकला. माईंनी घट्ट पदर धरावा तशी शेजारच्या नळाची तोटी धरली. ताई होती. त्याने हात काढला, ताई गेली.

"माणसाचं तोंड निम्म्यावर बेतता येत नाही, मास्तरीणबाई," तो परत येऊन म्हणाला. "माझंच बघा. ही मिशी वर, ही खाली. बायको म्हणते, एका बाजूने तुम्ही भले दिसता."

"मग दुसरी बाजू काढते."

"काढा. घाई नाही. शेवटच्या रविवारी सगळ्यांची चित्रं दोरीवर लावू, तोवर काढा."

घाई नव्हती, पण दुसरी बाजूही नव्हती. माई आठवडाभर ती शोधत राहिल्या. ताईचं मशीन त्यांच्या डाव्या हाताला असायचं, दोघींची तोंडं खिडकीकडे. जेवायला दोघी भिंतीला टेकून त्याच क्रमाने बसायच्या. ताई वेणी घालायला बसवायची तेव्हा ती पाठीमागे असायची. समोरून पाहिलं असणारच, बहीणच होती. पण राहिला होता तो उजवा गाल.

बुधवारी दुकानात कोणी नसताना त्यांनी हातातलं काम ठेवलं.

"ऐक ना. तुला ताई आठवते?"

भाऊ चिठ्ठ्या लावत होता. "कोण ताई? मला एकच बहीण आहे, आणि तिला आज तीन पँटी द्यायच्यात."

"मी विचारतेय काहीतरी."

"मी एवढासा होतो, माई."

"कडेवर घेऊन फिरायची तुला. खाली ठेवलं की भोकाड पसरायचास."

त्याने तर्जनी उचलली आणि हवेत, स्वतःच्या तोंडासमोर, कुठेतरी टेकवली. "इथे खड्डा होता. गालावर. कांजिण्यांचा असेल. मी त्यात बोट घालायचो आणि ती म्हणायची, बटण दाबलंस, आता दिवा लागणार. मग डोळे मोठे करायची."

"खड्डा नव्हता तिला."

"होता."

"माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत?"

"तू कुठे तिच्या कडेवर होतीस?" भाऊ म्हणाला.

माईंनी डोळ्यांसमोर ताईला उभं केलं, तिच्या कडेवर पोर दिलं. उजवा हात कामाला मोकळा, पोर डाव्या कडेवर. डावा गाल. एवढी वर्षं तो गाल गल्ल्यावर बसून होता. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण आधी आला तो मत्सर. दिवा त्यांच्यासाठी कधी लागला नव्हता.

शेवटच्या रविवारी भाऊ पहिल्यांदा बागेत आला, उन्हाच्या नावाने कुरकुर करत. माईंनी नव्या कागदावर चेहऱ्याची एकच बाजू काढली होती. दुसऱ्या बाजूला पांढरं होतं. त्यांनी कोळसा भावाच्या हातात दिला. "कुठे होता, तो दाखव."

"मला कुठे येतं चित्र?"

"चित्र कोण मागतंय? टिंब दे."

त्याने कागदाच्या अगदी जवळ तोंड नेलं, कडेवरच्या पोराइतकं, आणि एक टिंब दिलं. मग बोटाने ते जरासं पुसलं, पुन्हा दिलं.

"बाकीचं मी सुचवू?" पेंटरने विचारलं. "अंदाजाने भरता येईल."

"नको," माई म्हणाल्या. "अंदाजाने भरली तर पुन्हा ती दुसरी बाई येईल."

चित्र तसंच दोरीवर लागलं, कंडक्टरांच्या वडाशेजारी. कंडक्टर त्याच्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले. भाऊ नळापर्यंत गेला, मागोमाग माईही. तिथून त्याने हाक मारावी तसं, पण हळू, म्हटलं, "ताई." शेजारी उभ्या माईंना ते ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. दुपारी रस्ता ओसरल्यावर भावाने विचारलं, "माई, ती कधी इथून गेली असेल का गं?"

हाच हिशेब माई कालपासून करत होत्या, मनातल्या मनात. "चौकाकडून पुलाकडे गेली असती तर मी ओळखली असती," त्या म्हणाल्या. "तिकडे जाणाऱ्यांचा उजवा गाल दिसतो आपल्याला. पुलाकडून येणाऱ्यांचा डावा. त्या बाजूने ती कितीदा गेली असेल, मला कळलं नसेल."

"म्हातारी झाली असेल आता."

"झाली असेल."

"खड्डा राहतो पण," भाऊ म्हणाला. तो उठला, स्टूल उचलून गल्ल्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं आणि तिथे बसला. "पुलाकडून येणाऱ्यांकडे मी बघतो." कोणाचे कपडे कोणी पोचवायचे हे ठरवताना बोलावं, तसं बोलला.

थोड्या वेळाने पुलाकडून एक वयस्क बाई पिशवी सावरत आली. भाऊ पुढे झुकला. माईंचा पाय मशीनवर थांबला. बाई काचेसमोरून गेली, चौकाकडे वळली.

"नाही," तो म्हणाला.

माईंनी पुन्हा पाय मारायला सुरुवात केली.