दादारावांचा सत्कार आणि पापाकुराची मॅच

तुम्ही कधी एखाद्याचा सत्कार करून त्याचं वाटोळं केलंय का? नाही म्हणायची घाई करू नका, आधी नीट आठवा. मलाही वाटायचं, आपण त्यातल्या नाही. मी भाडेकरूंसाठी घरमालकांच्या दारात जाऊन भांडणारी बाई, हारतुऱ्यांना जन्मभर नावं ठेवत आले. पण गेल्या ऑगस्टात ऑकलंडमधल्या माउंट रॉस्किलच्या एका हॉलमध्ये आम्ही सव्वाशे मराठी माणसांनी मिळून दादाराव ओव्हाळ या माणसाचं जे केलं, त्यात अकरा मिनिटं माझी आहेत. तेव्हा हे लिहिताना कुणाची भीड ठेवणार नाही. माझीसुद्धा नाही.

आधी माणूस सांगते.

दादाराव दापोडीचे. पोरवयापासून फुटबॉल. मैदानात जागा उजव्या बॅकची, म्हणजे ज्याचा फोटो पेपरात कधी येत नाही आणि आला तर आपल्यावर गोल झालाय म्हणून मागे उभा दिसतो, तो. खेळले कायम खालच्या डिव्हिजनमध्ये. पण माणूस हरून खाली राहिला असं समजू नका. पुण्यातल्या त्यांच्या पहिल्या क्लबाने एका वर्षी वर चढण्याइतके गुण मिळवले होते. सेक्रेटरी साहेबांनी पुढच्या वर्षीचा फॉर्म वेळेत भरला नाही. क्लबचं नाव कटलं! मग पिंपरीतल्या एका कंपनीने टीममध्ये घेतलं, स्टोअरमध्ये हेल्परचं काम दिलं. नवा मॅनेजर आला आणि एका सोमवारी बोर्डावर नोटीस लागली, टीम बंद. तिसऱ्यांदा कोल्हापूरच्या एका पेठेने सीझनपुरतं नेलं. तिथला फुटबॉल म्हणजे घरटी भांडण. दादाराव आजही सांगतात, “ताई, तिथं थ्रो घ्यायला लाइनवर गेलं की मागून आजीबाई सांगायची, कुणाला टाकायचा ते.” उपांत्य सामन्यात प्रेक्षकांतून दगड आले, स्पर्धा थांबली ती थांबलीच.

तीन टीम, तिन्ही मैदानाबाहेर मेल्या. पुढे गुडघा गेला. मग महापालिकेच्या शाळेतल्या पोरांना शिकवायला लागले आणि तिथे या माणसाला आपलं खरं काम सापडलं.

बायको लता नर्स. तिला ऑकलंडला नोकरी लागली, म्हणून अकरा वर्षांपूर्वी दोघं इकडे आले. दादाराव बस चालवायला लागले. इथे उतरताना माणसं ड्रायव्हरला ‘थँक्यू’ म्हणतात. शाळेतली पोरं म्हणतात, पावसात भिजलेला दारुडासुद्धा म्हणतो. आपली माणसं फोनवर बोलत उतरतात. दादारावांच्या बसने वर्षानुवर्षं कामाला जाणारे किती मराठी लोक त्या हॉलमध्ये ‘आपले दादाराव’ म्हणत टाळ्या वाजवत होते, हे मी मोजलं नाही, कारण मोजलं असतं तर तिथेच तोंड सुटलं असतं.

तीन वर्षांपूर्वी जवळच्या क्लबला मुलींच्या एका टीमसाठी कोच हवा होता. कुणी तयार होईना. दादाराव पहाटेची शिफ्ट संपवून, युनिफॉर्मवरच जाऊन उभे राहिले. आता त्या मुली तेरा-चौदाच्या आहेत. बारा जणी. नऊ आपल्या, दोन टोंगन बहिणी, एक सोमाली. दादाराव मराठीत ओरडतात, पोरी इंग्लिशमध्ये उत्तर देतात. “अगं मागं ये, मागं!” म्हटलं की टोंगन पोरगीसुद्धा मागे येते.

आता नियम ऐका, कारण सगळं रामायण त्यावर आहे. मॅचच्या वेळेला सात मुली मैदानात हव्यात. नसतील तर पंधरा मिनिटं थांबतात, मग मॅच गेली. एका सीझनमध्ये अशा तीन मॅच गेल्या की टीम लीगमधून बाद.

ऑगस्टपर्यंत दोन गेल्या होत्या. पहिली एका घराच्या वास्तुशांतीत, दुसरी बॉलिवूड डान्सच्या रंगीत तालमीत. दादारावांनी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, “हरलो तरी चालेल. पण हजर राहा. अजून एक गेली तर टीम राहणार नाही.” उत्तरादाखल सतरा जणांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. एकानेही “येतो” असं लिहिलं नाही.

त्याच सुमारास दादारावांना कोचिंगचं वरचं लायसन्स मिळालं. दोन वर्षं शिफ्ट सांभाळून, इंग्लिशमध्ये परीक्षा देऊन. क्लबच्या फेसबुक पानावर फोटो आला आणि इथल्या मराठी मंडळाला साक्षात्कार झाला की हा माणूस मराठी आहे. मंडळाचे अध्यक्ष मोरेश्वरकाका. मूळचे पुण्याचे, आयटीतून निवृत्त, स्वभावाने वाईट नाहीत. हेच तर दुखणं आहे. वाईट माणसाशी मला भांडता येतं.

काकांचा फोन गेला. “दादाराव, तुमचा सत्कार ठरलाय. येत्या शनिवारी, सकाळी आठ.”

“काका, नको. शनिवारी मॅच आहे. पापाकुराला, अर्ध्या तासावर.”

“अहो, दहाला ना? आपला कार्यक्रम साडेआठला संपतो.”

“आपला कार्यक्रम कधी साडेआठला संपलाय?”

“हा हा! तुम्ही विनोदीही आहात हं.”

दुसऱ्या दिवशी दादारावांनी परत फोन केला. “काका, मनापासून सांगतो, नको. सीझन संपल्यावर करा.” काका म्हणाले, “हा तुमचा विनय झाला.” तिसऱ्या वेळी लताने फोन हातात घेतला. “काका, ते नाही म्हणतायत ना, ते नाहीच म्हणतायत.” त्यावर काका म्हणाले, “वहिनी, मोठी माणसं अशीच असतात.”

काय बोलायचं? पंगतीत पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी वाढणारे आपण लोक. ‘नको’ हा शब्द आपल्या कानाला ऐकूच येत नाही. समोरचा नको म्हणतोय म्हणजे अजून दोनदा म्हणा, असं आपल्याला आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं असतं.

मग गेले कशाला, असं विचाराल. जाणार नाहीत तर काय करतील? त्यांची टीमच मंडळाने पळवली होती! नऊच्या नऊ पोरी स्वागतगीतात घेतल्या होत्या. नऊवारी नेसून. “कोचसाठी सरप्राइज” म्हणे. दादारावांना ते शुक्रवारी संध्याकाळी कळलं. पोरी हॉलमधून उचलायच्या, तर हॉलमध्ये जाणं भाग होतं.

शनिवारी आठला हॉलमध्ये पंचवीस माणसं. दादाराव ट्रॅकसूटमध्ये, गळ्यात शिट्टी. प्रमुख पाहुणे आठ चाळीसला आले. तोवर माइक ‘हॅलो, चेक’ म्हणत राहिला. सूत्रसंचालन मधुवंतीकडे. तिची मुलगी सिद्धी म्हणजे टीमची गोलकीपर. मधुवंतीने दीप, सरस्वती, इथली ऑगस्टातली थंडी आणि मराठी माणसाची जिद्द एवढ्यांना एका वाक्यात गुंफलं. मग स्वागतगीत. एक कडवं कमी करा, म्हणून दादाराव खुणावत होते. पोरींना वाटलं, कोच ताल धरतायत. पोरींनी उलट ‘वन्स मोअर’ घेतला.

पाहुणे बोलले. काका बोलले. मग मला उठवलं. आणि मी, बाई, बोलले! कामगाराच्या पोराचा खेळ, दापोडीची वस्ती, इथली बस, कष्टाचा घाम, सगळं काढलं. समोर पहिल्या रांगेत दादाराव शाल पांघरून बसलेले, नजर माझ्या डोक्यावरून वर लागलेली, डोळे ताणलेले. मला वाटलं, माणूस हेलावलाय. म्हणून मी आणखी दोन मुद्दे घेतले. माझ्या डोक्यामागे भिंतीवर घड्याळ होतं.

शेवटी त्यांना माइक मिळाला तेव्हा नऊ वीस झाले होते. दादाराव म्हणाले, “आभारी आहे. मला आता फक्त माझी टीम द्या. मॅच दहाला आहे. न गेलो तर टीम संपते.”

हॉल टाळ्यांनी दणाणला. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, “किती साधा माणूस!”

ते मंचावरून उतरले तोच काकांनी हात पसरून दार अडवलं. “उपमा खाल्ल्याशिवाय कुणी जायचं नाही!” मग सामूहिक फोटो. एकदा काकांच्या फोनवर, एकदा पाहुण्यांच्या फोनवर, एकदा मधुवंतीच्या, कारण पहिल्या दोन्हींत कुणाचे तरी डोळे मिटले होते. आया पोरींच्या वेणीतल्या पिना काढत बसल्या. दादारावांनी हाताला लागल्या त्या तीन पोरी गाडीत कोंबल्या आणि नऊ चाळीसला निघाले. मला ओरडून सांगितलं, “ताई, सिद्धीला आणा. गोलकीपर आहे. तेवढं करा.”

सिद्धी नऊवारीत, हातात ग्लोव्हज घेऊन माझ्या गाडीत बसली. माझ्या गाडीमागे दुसरी गाडी लावलेली. कुणाची? पाहुण्यांची. पाहुणे उपमा खात होते. त्यांना शोधून चावी मिळेपर्यंत सहा मिनिटं गेली. मोटरवेवर मी कशी चालवली ते लिहीत नाही, दंडाची चिठ्ठी येईल.

पापाकुराच्या मैदानावर पोचलो तेव्हा दहा सतरा झाले होते. दोघी टोंगन बहिणी आणि सोमाली पोरगी पावणेदहापासून वाऱ्यात उभ्या. दादारावांच्या तिघी आल्या, झाल्या सहा. सातवी सिद्धी. काष्टा खोचून ती जी पळत सुटली! रेफरी कॉलेजातलं पोरगं होतं, बिचारं घड्याळ झाकून उभं. म्हणालं, “सॉरी, कोच. दोन मिनिटं झाली. कागदावर लिहिलं मी.”

सिद्धी धापा टाकत म्हणाली, “आय रॅन, दादा. मम्मा वॉज स्टिल डूइंग आभारप्रदर्शन.”

दादाराव तिच्यापुढे वाकले. ग्लोव्हजचा पट्टा घट्ट करून दिला. समोरच्या टीमची कोच, एक धिप्पाड माओरी बाई, जवळ आली. म्हणाली, “किया ओरा, ब्रो. पोरी आल्यात तर खेळवू या की. कागदाचं काय ते कागद बघेल.” मग बाकीच्याही येत गेल्या आणि चाळीस मिनिटं खेळ झाला. आपल्या पोरी चार-एकने हरल्या. सत्काराची शाल तेवढी कामाला आली, बदली मुली ती पांघरून बाकावर बसल्या होत्या.

मी लाइनजवळ दादारावांच्या शेजारी उभी होते. ते म्हणाले, “ताई, छान बोललात तुम्ही.”

“खरं सांगा.”

“खरं? लांबलं.” मग म्हणाले, “पुण्यात फॉर्म भरला नाही म्हणून गेलो. पिंपरीत नोटीस लागली. कोल्हापूरला दगड आले. इथं कौतुकानं गेलो. दगडांपासून पळता तरी येतं, ताई.”

सोमवारी लीगचं पत्र आलं, टीम बाद. मोरेश्वरकाकांना मी स्वतः फोन करून सांगितलं. “अरेरे,” ते म्हणाले, “पण कार्यक्रम छान झाला, नाही?” मी काय म्हणाले ते छापण्यासारखं नाही. मग त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. मंडळातर्फे लीगला निवेदन देतो, सांस्कृतिक कारण होतं असं लिहितो, म्हणाले. दादाराव म्हणाले, नको, चूक आपली आहे. या वेळी मात्र काकांनी पहिलाच नकार मान्य केला.

दादाराव अजून मैदानावर आहेत. लीग नाही, मॅच नाही, तरी दर मंगळवारी संध्याकाळी बसच्या युनिफॉर्मवर प्लास्टिकचे कोन मांडतात आणि येतील त्यांना पळवतात. कधी चौघी येतात, कधी सहा. क्लबने एक वाट ठेवली आहे. पुढच्या सीझनला सगळ्यात खालच्या ग्रेडमधून टीम परत घेता येईल, पण फेब्रुवारीअखेर चौदा नावं हवीत, आणि प्रत्येक नावापुढे पालकाची सही, की दर शनिवारी मुलगी वेळेवर मैदानात असेल. नावं भरली नाहीत तर क्लब ही टीम कायमची बंद करणार, आणि दादाराव म्हणतात, पाचवी टीम बांधायची ताकद आता गुडघ्यात नाही. त्यांनी मला हे मे महिन्यातल्या हवामानाबद्दल बोलावं तसं सांगितलं. लता बाजूला उभी होती. तिने मान फिरवली.

आज नऊ नावं आहेत. पहिली सही मधुवंतीची. पोरीने दोन आठवडे अबोला धरला होता तिच्याशी. काकांची नात श्रिया चांगली पळते, पण त्यांचं उत्तर आलंय, “बघू, शनिवारी भरतनाट्यम असतं.”

पाच नावं कमी आहेत. तुमच्या घरात बारा ते चौदा वर्षांची मुलगी असेल, रॉस्किलमध्ये, नाहीतर आसपास कुठेही, तर या मंगळवारी तिला पाठवा आणि त्या कागदावर सही करा. भाषण नको, पेढे नकोत, फोटो तर मुळीच नको. एप्रिलपासून दर शनिवारी तिला मॅचच्या अर्धा तास आधी मैदानावर सोडा. आणि कृपा करा, तुम्ही गाडीतून उतरू नका.