कोब्याखालचा कागद

अन्याय झाला तो शिक्रापूरजवळच्या आमच्या वस्तीतल्या बालवाडीच्या पोरांवर, नव्वदच्या दशकाअखेरच्या एका दिवाळीनंतर. रस्त्याकडेची चांगली जागा पुढाऱ्यांनी गाळ्यांना ठेवली आणि रसायनांच्या जुन्या गोडाऊनची विषारी जमीन पोरांच्या माथी मारली.

त्या जमिनीतली वाफ वर येऊ नये म्हणून कोब्याखाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला होता. तो तपासायला दौंडहून एक साहेब यायचे. बूट काढून कागदावर अनवाणी फिरायचे. कागद फाडेल असा खालचा खडा तळपायाला लागला की "हंऽऽ" करून थांबायचे.

कोबा ओतायच्या दिवशी आमच्या सरपंचांनी, आप्पांनी, कागदावरच पूजेचा कापूर पेटवला. कागदाला भोक पडलं.

"एवढंसं तर हाय! देवाचं काम हाय, साहेब. ओतू द्या."

"देवाला नमस्कार, आप्पा. पण तुमचा नातू हितंच बसणार न्हवं?"

एवढं बोलून साहेब त्या भोकाशेजारी मांडी घालून बसले. प्रसादाचं खोबरंही तिथंच खाल्लं. ठिगळ पक्कं बसेपर्यंत उठले नाहीत.

त्यांचा तो "हंऽऽ" अजून आठवतो. असे साहेब आता दिसत नाहीत. म्हणून तुमच्या पोरांची शाळा असल्या जमिनीवर उठत असेल, तर कोबा ओतायच्या आधी चपला काढा आणि त्या कागदावरून स्वतः चालून या.