चुन्याच्या जागी खळ

“बंद कर ती भट्टी! मेल्या, माझा म्हातारा गुदमरतोय, दिसत न्हाय तुला?”

कुंपणाच्या भिंतीवरून शेजारची आजी ओरडत होती. आवाज असा की पार दापोडे गावच्या गोदामांतल्या हमालांनी डोक्यावरच्या गोण्या टाकल्या असतील.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या शेठचा सायझिंगचा कारखाना होता आणि त्याला लागूनच दवाखान्यांचा कचरा जाळायची भट्टी. भट्टीतला धूर थेट चिमणीत सोडत नसत. आधी एका उंच टाकीत त्याच्यावर चुन्याच्या पाण्याचे फवारे पडायचे. धुरातलं आम्ल चुना खायचा, राख पाणी खायचं, उरलेलं भिवंडी खायची. त्या फवाऱ्यांवर माझी बारा तासांची ड्युटी. इतका दमायचो की उभ्याउभ्या झोप लागायची, आणि स्वप्नातसुद्धा फवारेच साफ करायचो.

त्या दुपारी टाकीत चुना टाकायला माझ्या जोडीचा कामगार गेला. त्याचं अर्धं आयुष्य सायझिंगमध्ये सुताला खळ लावण्यात गेलेलं. गोदाम एकच, गोण्या सारख्याच; हात सवयीनं खळीच्या पिठाकडे गेला. गरम धुरावर टाकीत ती कांजी अशी शिजली की सगळे फवारे तुंबले, आणि धूर न धुताच वर निघाला. खोटं सांगत नाही, एक कावळा त्यातून गेला तो कडक इस्त्री होऊनच. पार अंजूर गावापर्यंत पंख न हलवता पोचला.

“अरे, टाकीत काय टाकलंस?” मी विचारलं.

“चुना, भाई. सफेद बोरी.”

“हात घालून बघ!”

त्यानं दोन बोटांत चिकटपणा जोखला आणि नकळत म्हणाला, “माल तो अच्छा पका है.”

हसायचंही त्राण नव्हतं. कचरा टाकणं थांबवलं, खळ खरवडली, एकेका फवाऱ्याच्या भोकात तार घातली. डोळ्यांची आग, कंबरेचा काटा ढिला. नवा चुना कालवून फवारे सुरू झाले तेव्हा उन्हं उतरली होती. चिमणीतून पांढरी, विरळ वाफ निघाली, तसा मी ऐटीत भिंतीपाशी गेलो.

“आजी, बघा, धूर कसा धुऊन काढलाय! नवरदेवासारखा! बाबांना आता बरं वाटतंय ना?”

आजी सुकट निवडत होती. मान वर न करताच म्हणाली,

“खोकतोय. तुझी भट्टी चांगली चालते तवा पन खोकतोच.”